दर्भाचा कावळा

दादा, काल तुझा दहावा झाला आणि मी गुरुजींशी भांडले. आधीच सांगून टाकते, म्हणजे वर तुला कुणी तिखटमीठ लावून सांगायला नको. तू म्हणायचास ना, बेबी माझ्या तेराव्यालासुद्धा कुणाशी तरी वाजवणार. तेराव्यापर्यंत थांबवलं नाही बघ माझ्याने.

आपले ते गुरुजी तुला माहीत आहेत. आठवडाभर इथे सिंगापुरात रॅफल्स प्लेसला बँकेचे सर्व्हर सांभाळतात आणि शनिवार-रविवारी धोतर नेसतात. इथल्या नोकरीच्या पासच्या नियमात दुसरी कमाई बसत नाही म्हणून दक्षिणा घेत नाहीत, घरचा डबा मात्र आवडीने नेतात. माणूस चांगला आहे. समुद्रकाठी बसलो होतो. तुझी लेक सई पुढे, मी आणि आमचे हे मागे, आणि आमच्याकडे कामाला असलेली लिली पाण्याची बाटली धरून बाजूला. पिंड मांडले. वर झाडावर खरे कावळे माना वाकड्या करून बघत बसलेले. आणि गुरुजी म्हणाले, "इथे पक्ष्यांना खायला घालायला बंदी आहे, दंड होतो. त्यामुळे आपण दर्भाचाच कावळा करतो." पिशवीतून त्यांनी बोटभर लांबीचा, गाठ मारलेला गवताचा कावळा काढला. चोच म्हणून एक काडी पुढे काढलेली होती.

सईला मी गाडीत सगळं समजावून सांगितलं होतं. कावळा शिवला म्हणजे जाणाऱ्याचं मागे काही अडकलेलं नाही. नाही शिवला तर घरचे एकेक पुढे होऊन बोलतात, तुझं हे करू, ते करू, आणि नेमकं मनातलं सापडलं की तो येतो. तिला ते फार पटलं. म्हणाली, "सो ही कॅन से नो. नाइस."

गुरुजींनी विचारलं, काही इच्छा राहिली असेल तर बोला. हे म्हणाले, "दादा, सईची काळजी करू नका, आम्ही आहोत." त्यांचं म्हणून होतंय न होतंय तोच गुरुजींनी काडीची चोच पिंडाला टेकवली. "शिवला," म्हणाले.

"असा कसा शिवला?" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारी सायकल चालवणारा चिनी म्हातारा थांबला.

गुरुजी बिचारे गांगरले. शास्त्रात आहे काकू, म्हणाले. असेल. पण दर्भाचा कावळा हा शब्द मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा तुझ्याच तोंडून ऐकलाय, दादा. तिकडचं मंत्रिमंडळ कसं चालतं, हे सांगताना तू हसून म्हणायचास, "सगळे दर्भाचे कावळे गं. साहेब पुढे काहीही ठेवोत, चोच लावतात." आणि मी विचारायचे, आणि तू? त्यावर तू चष्मा पुसायचास. तुझ्याच दहाव्याला तसलाच कावळा आणला, मग मी काय गप्प बसणार होते?

'तिकडे' म्हणजे तो देश. तू त्याचं नाव कधी घेतलं नाहीस, आणि 'साहेब' म्हणजे तिथले राष्ट्राध्यक्ष, त्यांचंही नाही. मग मी तरी कशाला घेऊ. इथल्या बँकेतली खुर्ची सोडून तू त्यांचा आर्थिक सल्लागार म्हणून निघालास तेव्हा वहिनी नुकतीच गेली होती आणि सई शाळेत होती. तिला माझ्याकडे ठेवून गेलास. विमानतळावर मला म्हणालास, "बेबी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कंपन्यांचे अहवाल लिहिले. आता एक अख्खा देश नीट करायला मिळतोय." तुझा चेहरा असा फुलला होता की मला रडताही आलं नाही.

आणि केलंस की तू. नाही कुठे म्हणते मी? चलन बाजारावर सोडलंत. तांदळाची आणि डिझेलची सवलत काढलीत. सरकारी गिरण्या विकल्या, काही बंदच केल्या. पहिली काही वर्षं लोकांनी तुम्हाला रस्त्यावर उतरून शिव्या घातल्या, तू फोनवर हसायचास पण आवाज बसलेला असायचा. मग हळूहळू कारखाने आले, वीज आली, डोंगरापर्यंत रस्ते गेले. आमची लिली तिकडचीच. तिचा बाप कामाला होता ती गिरणी तुम्ही बंद केलीत आणि तिच्या भावाला बुटांच्या कारखान्यात तुमच्यामुळेच नोकरी लागली. कपाटाच्या दाराला आतून साहेबांचा फोटो लावलाय तिने, मी कितीही तोंड वाकडं केलं तरी काढत नाही. सईला भेटायला इकडे आलास की रविवारच्या जेवणात तू तिला हटकून विचारायचास, "लिली, गावात आता दिवे जातात का?" "नो सर. नेव्हर." मग तू माझ्याकडे असा बघायचास, जशी काही मॅचच जिंकलीस.

मी लगेच विचारायची, "आणि लिली, मतदान?" ती गोंधळून म्हणायची, "विच वन, मॅडम?" कारण मतदान साहेब दरवेळी पुढे ढकलत होते. देश घडायचा तर थोडी शांतता हवी, असं त्यांचं म्हणणं. वर्तमानपत्रं बंद झाली तीही शांततेसाठीच. तू म्हणायचास, "पोट भरलं की मतं येतील, बेबी. आधी मतं देऊन पोट भरलेला देश दाखव." मी म्हणायची, "भरल्या पोटी गप्प बसायची सवय लागते, तीही दाखवते." लिली मधेच पोळ्या वाढायची. आपलं जेवण गार व्हायचं आणि तू जाताना डबा घेऊन जायचास, तरी वाद दारात चालू असायचा. दादा, मला तसं भांडायला आता कुणीच उरलं नाही. हे तर माझं सगळंच मान्य करतात, त्यांच्याशी काय बोलायचं?

इथे मी पहिल्यांदा नोकरीला निघाले होते तो दिवस आठवतो का तुला? मला इथल्या एमआरटी मेट्रोचा जिना उतरायची भीती वाटत होती. तू सुट्टी घेऊन माझ्याबरोबर आलास. ऑफिसच्या खाली पेपर वाचत बसतो म्हणालास, घाबरलीस तर खिडकीतून बघ. माझी खिडकी दुसऱ्याच बाजूला होती. संध्याकाळी खाली आले तर तू तिथेच, तोच पेपर. एवढ्या मोठ्या बँकेतला साहेब, बहिणीसाठी दिवसभर दगडी बाकावर. तुझ्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं की मला आधी तो बाक आठवतो. आणि मग दुसरी गोष्ट आठवते, आणि मी तिथेच अडकते.

दुसरी गोष्ट आता लिहूनच टाकते. बंदर परदेशी कंपनीला द्यायचं ठरलं, गोदी कामगार संपावर गेले, तेव्हाची. आमचे हे त्याच आठवड्यात तिकडे होते, बँकेतर्फे बंदरातल्या गोदामांची पाहणी करायला. त्या सकाळी तू मला इथे फोन केलास. त्यांना नाही, मला. म्हणालास, "बेबी, प्रकाशरावांना सांग, आज हॉटेलबाहेर पडू नका. बंदराकडे तर नाहीच नाही." मी विचारलं का रे? "गर्दी असेल," म्हणालास आणि ठेवलास. मी यांना फोन करून शपथ घातली. हे कुरकुरत खोलीतच बसले. दुपारी बंदराच्या फाटकाशी मोर्चावर गोळीबार झाला. किती माणसं गेली ते अजूनही दोन्हीकडचे वेगवेगळं सांगतात. ज्या गोदामात हे जाणार होते ते फाटकाला लागूनच होतं.

म्हणजे बघ, माझं कुंकू तू राखलंस. आणि ज्या तोंडाने राखलंस, त्याच तोंडाने मला हे कळवलंस की तुला काहीतरी ठाऊक होतं. काय ठाऊक होतं, दादा? नुसती गर्दी, की बंदुका? बंदुका ठाऊक होत्या तर तू फक्त आपल्याच घरी फोन केलास का? मी त्याच संध्याकाळी तुला म्हटलं, राजीनामा दे आणि निघून ये. तू म्हणालास, "आत्ता निघालो तर सगळं अर्धवट राहील." आणि राहिलास. साहेबांना लोकांनी घालवलं तेव्हाच परत आलास.

आलास आणि वुडलँड्सच्या त्या फ्लॅटमध्ये जो बसलास, तो बसलासच. पुढे साहेबही परक्या देशात वारले, त्या दिवशी तू दिवसभर जेवला नव्हतास. बँकेने पुन्हा घेतलं नाही. आपल्या मंडळाच्या गणपतीत निम्मे लोक तुझ्याबरोबर फोटो काढायला यायचे आणि निम्मे प्रसाद न घेता दुसऱ्या दाराने जायचे. तिकडे चौकशी बसली, तुला साक्षीला बोलावलं. तू गेला नाहीस. मला म्हणालास, "गेलो तर विमानतळावर एक जण हार घेऊन उभा असेल आणि दुसरा बेड्या. दोघांतला आधी कोण पोचेल ते सांगता येत नाही." खिडकीतून मलेशियात जाणारा जोहोरचा पूल दिसायचा. अख्खं सिंगापूर त्या पुलावरून पेट्रोल भरायला, भाजी आणायला, केस कापायलासुद्धा जातं. तू एकदाही गेला नाहीस, कुठल्या नाक्यावर तुझं नाव निघेल म्हणून. गच्च भरलेल्या बसगाड्या बघत बसायचास आणि म्हणायचास, बघ, आज फार गर्दी आहे. तो शब्द ऐकला की मी उठून पडदा ओढायचे, का ते तुला कळायचं का रे?

एकदाच विचारलं मी. सई इथल्या तुआस बंदरात इंजिनिअर म्हणून लागली, त्या दिवशी. ती पेढे देऊन गेली आणि तू म्हणालास, "शेवटी बंदरच आलं नशिबी." मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, त्या सकाळी तुला माहीत होतं का?" तू उठलास. "चहा टाकतो," म्हणालास. ओट्याशी पाठ करून उभा राहिलास आणि पाणी आटेपर्यंत उकळत ठेवलंस. मग ते ओतून दिलंस आणि दुसरं ठेवलंस. मी जन्मभर ऑडिट केलं, न बघता कधी सही केली नाही, पण त्या दिवशी मी तुझा चहा प्यायले आणि घरी आले. पुढे जेव्हा जेव्हा विषय तिथे वळायचा, तू चहा टाकायला उठायचास. तुझं हृदय दुबळं झालंय म्हणून डॉक्टरांनी चहा बंद केला, तरी उठायचास.

आता खरी पंचाईत ऐक. तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी तिकडच्या वकिलातीतून सईला फोन आला. सरकार आता पुन्हा साहेबांच्या पक्षाचं आहे, बंदराशी साहेबांचा पुतळा उभा राहतोय. त्याच्या समारंभात तुला मरणोत्तर पदक द्यायचंय, मुलीने येऊन घ्यावं. आठवडाभरात, म्हणजे दहाव्यापर्यंत, विचार करून सांगा म्हणाले. त्याच फाटकाशी गेलेल्यांच्या घरचे लोक फोटो घेऊन अजून बसतात, तेही टीव्हीवर दिसतं. सई माझ्याकडे येऊन सोफ्यावर बसली आणि तिच्या त्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आत्या, जस्ट टेल मी लाह. वॉज बाबा गुड ऑर नॉट? यू न्यू हिम द मोस्ट."

मी काय सांगणार होते तिला? चांगला म्हणावं, तर ते पदक त्या फोटोंच्या समोर तिच्या गळ्यात पडणार. नाही म्हणावं, तर पोरीचा बाप मी माझ्या हाताने काढून घेणार, आणि तेसुद्धा नक्की काही माहीत नसताना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हे स्वयंपाकघरात उभे राहून ऐकत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी मान खाली घातली. तुझ्यामुळे जिवंत असलेला माणूस तुझ्याबद्दल काय बोलणार? मी तिला म्हटलं, दहावा होऊ दे, मग सांगते. तुझ्या साहेबांसारखंच मीही पुढे ढकललं.

म्हणून मी काल ओरडले, दादा. मला वाटलं होतं, निदान कावळा तरी सांगेल. मी एकेक बोलून बघेन. पदक घेऊ म्हणेन, नाही घेणार म्हणेन. तुझं ज्याच्यावर मन असेल त्याला तू येशील. तिथेही काडीच निघाली, पुढ्यात येईल त्याला हो म्हणणारी. सईने माझा हात धरला, गुरुजींची माफी मागितली, उरलेले विधी शांतपणे केले. पिंड पाण्यात सोडले. यांना आणि लिलीला तिने टॅक्सीत बसवून दिलं आणि मला म्हणाली, "कम. वी गो टू बाबाज प्लेस."

म्हणजे तुझ्या ब्लॉकखालचं हॉकर सेंटर, ते खाण्याच्या गाळ्यांचं. तुझी नेहमीची जागा, खांबाशेजारची. मी तुझा मासळीचा रस्सा आणि भात घेतला. सुतकात मासे! गुरुजींना सांगू नकोस. तो रस्सा आईच्या जवळपास जातो म्हणायचास, एवढं मात्र कधी पटलं नाही मला. ताट तुझ्या खुर्चीसमोर ठेवलं, आम्ही दोघी समोर कॉफी घेऊन बसलो.

आणि मी तिला सांगितलं. तो सकाळचा फोन, "गर्दी असेल", गोदाम, माझा प्रश्न, तुझा चहा. सगळं. तिच्या काकांचा जीव कसा वाचला ते आत्तापर्यंत तिला आपल्यापैकी कुणीच सांगितलं नव्हतं.  शेवटी ती म्हणाली, "सो यू डोन्ट नो."

"नाही गं बाळा. मला नाही माहीत."

"एव्हरीबडी टेलिंग मी आन्सर," ती म्हणाली. "नोबडी नो वन."

माझे डोळे भरून आले. मी पदर शोधत होते तेवढ्यात तुझ्या खुर्चीच्या पाठीवर कावळा येऊन बसला. खरा. काळाभोर, मळकट, हॉकर सेंटरचा पोसलेला.  मी हात जोडले. म्हटलं आता बोलायचं, एकेक बोलायचं, सावकाश. "दादा," एवढंच म्हणाले असेन, तोच त्याने टेबलावर उडी मारली, तुझ्या ताटातला माशाचा तुकडा उचलला आणि छताच्या पत्र्यावर जाऊन बसला.

"अरे, ऐकून तरी घे!" मी ओरडले. आजूबाजूचे सगळे बघायला लागले. रडू आणि राग एकदमच आला. "मी अजून काही विचारलंसुद्धा नाही!"

आणि सई हसली, दादा. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "दॅट्स बाबा, लाह. बिफोर द क्वेश्चन, ही गॉन."

हॉकर सेंटरचे कावळे कुणाच्याही ताटात चोच घालतात, हे मला कळतं. त्याचा काही अर्थ काढू नये हेही कळतं. साफसफाईचे अंकल फडकं घेऊन आले, ताटाकडे बोट करून म्हणाले, "फिनिश ऑलरेडी?" सईने मान हलवली. "नॉट येट, अंकल." आणि तिथेच, तुझ्या ताटासमोर, तिने वकिलातीला फोन लावला.

इंग्रजीतच बोलली, पण हळू, एकेक शब्द नीट. मी येते, म्हणाली. समारंभाच्या आधी येते. फाटकाशी जे लोक फोटो घेऊन बसतात त्यांच्याजवळ मला आधी बसायचंय. आणि त्या सकाळी राष्ट्राध्यक्षांबरोबर जे जे होते त्यांतले जे हयात आहेत त्यांना भेटायचंय, एकच गोष्ट विचारायचीय. पदकाचं त्यानंतर सांगते.  पलीकडचे कळवतो म्हणाले. "नो नीड," सई म्हणाली, "माझं तिकीट मी काढते."

 एकटी पोर, तिथे हार आणि बेड्या घेऊन बसलेली माणसं. म्हटलं, मी येते बरोबर. आणि तिकडून काय ऐकून येऊ, कुणास ठाऊक. तू बंदुकांचं जाणत होतास असं निघालं, तर त्या दगडी बाकावर बसलेल्या माणसाचं मी काय करू? आणि नव्हतास जाणत असं निघालं, तर इतकी वर्षं तुझ्या चहाच्या घोटागणिक मनात जे आणलं, त्याचं काय करू? दोन्हीकडून मीच सापडले. तरी जाणार आहोत. लिलीने तिच्या गावचा पत्ता दिलाय, आईला भेटा म्हणाली, रस्ता चांगला आहे, सरांनी केलेला.

तुझ्यावर माझी माया होती, दादा, आहे, आणि जे निघेल ते निघो, ती कुठे जायची नाही. पण आता मुकाट्याने ऐक. तुझी मुलगी तुझ्याच बंदराच्या फाटकाशी उभी राहून विचारणार आहे, आणि मी तिच्या शेजारी असेन. या वेळी तुला चहा टाकायला उठता येणार नाही.